सव्वा पानाचा अभिप्राय

"'या कादंबरीतल्या खाटेला वास नाही.' हे वाक्य तुमचंच ना, बाई?"

धाकट्या मालकांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. बाईंनी तो उचलला नाही. स्वतःचे अक्षर माणूस लांबूनही ओळखतो. सव्वा पानाचा अभिप्राय होता, साडेतीन वर्षांपूर्वीचा, आणि शेवटी दोनच शब्द, खाली रेघ मारलेले: छापू नये.

"माझंच," बाई म्हणाल्या.

"काल कळलं ना तुम्हाला? वर्षातला सगळ्यात मोठा पुरस्कार तिलाच मिळाला. सहा आवृत्त्या झाल्या. माझ्या मेव्हण्याच्या घरात तीन प्रती आहेत, कारण एकाचं वाचून होईपर्यंत दुसरा थांबायला तयार नाही. आणि आपल्या दारात आलेलं हे माणूस आपण हाकलून लावलं. का, तर म्हणे खाटेला वास नाही!"

"मला ती आवडली नव्हती."

"आवडनिवड घरी, बाई. चहात साखर किती घालायची त्यापुरती. लोकांना काय आवडेल हे सांगायला तुम्हाला इथं बसवलंय."

"थोरल्या मालकांनी मला तसं नव्हतं सांगितलं. ते म्हणायचे, तुम्हाला काय वाटलं तेवढंच लिहा, लोकांचं मी बघतो."

"थोरले मालक आता भिंतीवर आहेत," धाकटे म्हणाले आणि आपण जरा जास्तच बोललो असे वाटून त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला.

चहा येईपर्यंत त्यांनी उरलेले सांगून टाकले. लेखिकेचे आधीच्या प्रकाशकाशी बिनसले होते. नवी, जाड पुठ्ठ्याची आवृत्ती आता आपल्याकडे येणार होती. तिची प्रुफे बाईंनी तपासायची. आणि यापुढे फक्त प्रुफेच तपासायची. हस्तलिखिते वाचायला एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना बोलावले होते.

"तुमचा मान ठेवूनच सांगतोय," मालक म्हणाले.

बाईंनी चहा अर्धा टाकला आणि आपल्या टेबलाशी येऊन बसल्या.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांचे टेबल होते. एकतीस वर्षे. आल्या तेव्हा नुसत्या ऱ्हस्वदीर्घ बघत. एकदा थोरल्या मालकांनी सहज विचारले, "प्रुफं तपासताना तुम्ही मधेच हसलात, ते कशाला?" बाई म्हणाल्या, "या कादंबरीतला माणूस दोन दिवस उपाशी आहे आणि जिने चढतो धावत." तेव्हापासून हस्तलिखिते त्यांच्याकडे येऊ लागली. त्यांच्या अभिप्रायांना खालचे कामगार 'करवत' म्हणत, आणि हळूहळू बाईंनाच करवत म्हणू लागले. बाईंना ते ठाऊक होते. त्यांना ते मनातून आवडतही असे.

त्यांना आवडायची ती पुस्तके कोरडी असत. माणसे त्यांत भांडी घासत, जिन्यावरून भांडत, पगार कधी होणार म्हणून विचारत. कोणी खिडकीशी उभे राहून डोळे पुसू लागले की बाई पेन्सिल खाली ठेवत. पण लग्न होऊन आल्या तेव्हा त्या अशा नव्हत्या. तेव्हा वाचनालयातून आठवड्याला दोन कादंबऱ्या यायच्या, आणि ज्यात बाई झिजून झिजून मरते ती त्यांना सगळ्यात आवडायची. नवरा चेष्टा करायचा, "तुझं पुस्तक वाळत घालायला दोरी बांधू का?"

मग सासूबाई न्हाणीघरात पडल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. सासूबाई गेल्या तेव्हा ती सतरा वर्षांची झाली होती आणि पंधरा दिवसांतच होस्टेलवर निघून गेली. मधली अकरा वर्षे बाईंनी प्रुफे घरी आणून तपासली. नवरा कचेरीतून आला की दारातूनच "आईचं कसं काय?" म्हणून विचारी, उत्तर ऐकी आणि हात धुवायला जाई. वाईट माणूस नव्हता. त्याला त्या खोलीत जाववत नसे, इतकेच. पुढे तोही गेला, झोपेतल्या झोपेत, कोणालाही एक दिवस न अडकवता.

रविवारी लेक आली. ती एका तपासणी-प्रयोगशाळेत होती. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्या हाताळायची. लग्न केले नव्हते. दर रविवारी दीड तास यायची, घड्याळ लावल्यासारखी, आणि दोघी भाव, पाणी, शेजारचे बांधकाम यांवर बोलून वेळ काढायच्या. त्या दिवशी तिने पिशवीतून पुस्तक काढून आईपुढे ठेवले. कडा काळवंडलेल्या, पाने फुगलेली.

"हे तू वाच. माझं तिसऱ्यांदा झालंय."

बाईंनी मुखपृष्ठ पाहिले. म्हातारीच्या केसांतून फणी फिरवणारा एक हात.

"वाचलंय मी."

"वाचलंयस? आणि बोलली नाहीस? आई, हे तुझं आहे अगं. ती सून, ती खोली… मी बसमध्ये रडत होते, बाजूची बाई मला जागा द्यायला लागली."

"छापायच्या आधीच वाचलं होतं. आमच्याकडे आलं होतं. मीच नाही म्हणाले."

लेकीला आधी कळले नाही. मग कळले. "तू? का?"

"खोटं आहे म्हणून. अशी खोली नसते. म्हातारी सहा वर्षं पडून आहे आणि त्या खोलीत सदा ऊन येतंय, चादरी पांढऱ्या शुभ्र. सून गाणं म्हणत केस विंचरते. कोण म्हणतं गाणं? दोन तासांनी कूस पालटायची असते, तेव्हा तोंडातून काय निघतं ते मला विचार."

"ते मला माहीत आहे, काय निघायचं ते. भिंत पातळ होती." लेक पुस्तकाचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती. "तुझ्या अंगाला वास यायचा, आई. डेटॉलचा आणि त्याच्याखालचा. शाळेत पालकांना बोलवायचे तेव्हा मी चिठ्ठी द्यायचेच नाही तुला. बाबांची सही मीच करायचे. माहीत आहे का तुला?"

बाईंना माहीत नव्हते.

"आणि त्या खोलीत मला पाऊल टाकू दिलं नाहीस कधी. दार ओढून घ्यायचीस. अकरा वर्षं मला वाटायचं, आत काहीतरी घाण चाललंय, आणि माझी आई त्यातच असते. हे पुस्तक वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आत काहीतरी चांगलंही होत असेल. मला दिसलं नाही इतकंच. त्यातली म्हातारी शेवटी सुनेच्या गालावरून हात फिरवते ना? मला वाटलं, आजीनंही तुला एकदा तरी तसं केलं असेल."

बाई उठल्या. कपबश्या उचलल्या.

"आत काही चांगलं होत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुला जे वाटायचं तेच बरोबर होतं."

लेक दीड तास भरायच्या आतच गेली. पुस्तक परत नेले. पुढचे पाच रविवार ती आली नाही.

प्रुफे आली. बाईंनी ती नेहमीसारखी तपासली, पट्टी ओळीखाली धरून, एकेक शब्द. पुस्तक आवडो न आवडो, दीर्घ तो दीर्घच. दोनशे ऐंशी पानांत आधीच्या छापखान्याच्या एकशे बारा चुका निघाल्या. गालावरून हात फिरवायचे पान आले तेव्हा त्यांनी पट्टी ठेवून खिडकी उघडली, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसून त्या पानावरचे दोन अनुस्वार दुरुस्त केले. एके ठिकाणी मात्र शुद्धलेखनाचा प्रश्न नव्हता. 'ती सकाळ-संध्याकाळ म्हातारीची कूस पालटी' असे वाक्य होते. बाईंनी समासात लिहिले: दर दोन तासांनी? आणि कंसात: नाहीतर पाठ फुटते.

आठवड्याने लेखिका स्वतःच आली. बुटकी, पिकलेल्या केसांची, टपाल खात्यातून निवृत्त झालेली बाई. मालकांनी तिला आपल्या खोलीत बसवायची धडपड केली, पण ती म्हणाली, प्रुफं ज्यांनी बघितली त्यांच्याकडेच बसते. बाईंनी खुर्ची ओढून दिली. लेखिका बसली ती आधी एक हात टेबलावर टेकून, श्वास धरून, मग एकेक इंच खाली. आतून पट्टा बांधलेला दिसत होता. बाईंनी बसण्याची ती तऱ्हा ओळखली. वर्षानुवर्षे दुसऱ्याचे जड अंग उचललेली माणसेच तशी बसतात. त्या स्वतः तशाच बसत.

"किती वर्षं?" बाईंच्या तोंडून निघून गेले.

"चौदा," लेखिका म्हणाली. "सासू नाही. नवरा. सासू पुस्तकासाठी घेतली."

'लेखिकेला या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव नसावा' असेही वाक्य त्या सव्वा पानात होते.

"तुमचा अभिप्राय माझ्याकडे आहे," लेखिका म्हणाली. "तेव्हा हस्तलिखिताबरोबर चुकून आला होता. त्याची नक्कल, खाली तुमचं नाव. तीन दिवस जेवण गेलं नाही. मग वाटलं, या बाईला एकदा बघायला पाहिजे. इतक्या जणांनी वाचलं हो नंतर, डॉक्टरांनी, नर्सांनी. वास कुठं गेला, हे कोणी विचारलं नाही."

"मग घातला का नाही?"

"घातला होता. पहिल्या खर्ड्यात चाळीस पानं होती नुसती धुण्याची. फाडून टाकली."

"का?"

"पुन्हा कोण धुणार?" लेखिका हसली. "एकदा चौदा वर्षं धुतलं, ते लिहायचं म्हणजे परत पहिल्या दिवसापासून. म्हटलं नको. आपल्याला हवी होती तशी खोली करू या. ऊन घालू या थोडं. माझा मुलगा असल्या गोष्टीपासून दहा हात लांब राहिला आयुष्यभर. हे वाचून फोन केला त्यानं. रडला."

"तरी मला नाहीच आवडलं पुस्तक," बाई म्हणाल्या. त्यांना वाटले होते त्यापेक्षा आवाज मोठा आला.

"आवडायला नकोच तुम्हाला. मलाही परत वाचवत नाही."

खाली यंत्र सुरू झाले आणि टेबलावरच्या पेन्सिली थरथरू लागल्या. त्या आवाजात बोलणे सोपे वाटले की काय कोण जाणे, पण बाईंनी जे नवऱ्याला सांगितले नव्हते, लेकीला सांगितले नव्हते, ते या परक्या बाईला सांगितले.

सासूबाईंच्या आजारपणाचे सहावे वर्ष. दुपार. घरात दोघीच. बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून कादंबरी वाचत बसल्या होत्या. त्यातली पोरकी मुलगी आजारी मावशीची सेवा करता करता स्वतःचे ठरलेले लग्न मोडते. चाळीस पाने उरली होती आणि बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना एवढा एकच आवाज काढता येई, लांबट 'आ'. बाईंनी मनाशी म्हटले, एवढे पान संपवते. मग पुढचे. आवाज तीनदा आला, चौथ्यांदा नाही आला. चाळीसच्या चाळीस पाने संपवून बाई उठल्या तेव्हा दीड तास झाला होता. आत म्हातारी मानेपर्यंत भिजून पडली होती आणि छताकडे बघत होती.

"मी वाकले तर माझे गाल अजून ओलेच होते. पुस्तकातल्या त्या पोरीसाठी. त्यांनी बघितलं. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी रडतेय. डावा हात तेवढा चालायचा त्यांचा. तो उचलला आणि माझे गाल पुसले." बाई थांबल्या. "तुमच्या शेवटच्या प्रकरणात आहे तसंच. अगदी तसंच. त्या दिवसापासून रडवणारं पुस्तक मला चालत नाही. ते वाईट असतं की चांगलं असतं, मला ठाऊक नाही. मला चालत नाही. पण अभिप्रायात मी हे कसं लिहिणार? म्हणून वासाचं लिहिलं."

लेखिकेने प्रुफांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

"ते मी मनानं रचलं होतं," ती म्हणाली. "यांनी चौदा वर्षांत तसं कधी केलं नाही. एकदासुद्धा."

मग दोघींनी शंका बघून घेतल्या. कुशीच्या वाक्यापाशी आल्यावर लेखिकेने स्वतः पेन्सिल घेऊन 'सकाळ-संध्याकाळ' खोडले. "हे बदला. कोणीतरी वाचून तसंच करील आणि पाठ फुटेल बिचारीची."

सहाव्या रविवारी लेकीचा फोन आला. आवाज मऊ होता. इतका मऊ की बाईंना आधी नंबर चुकला असे वाटले.

"आई, मी खूप विचार केला. तुला ते पुस्तक का आवडलं नाही ते आता कळलं मला. तू स्वतःला त्यात बघूच शकत नाहीस. तुला वाटतं, मी काय एवढं केलं? तू आहेसच तशी. मी उगाच बोलले तुला."

बाईंनी तोंड उघडले. "अगं, तसं नाही—"

"तेच म्हणतेय मी. आताही तू तसं नाहीच म्हणणार. नव्या आवृत्तीच्या प्रकाशनाला मी येतेय तुझ्याबरोबर. तू घरी थांब, मी न्यायला येते."

न्यायला येते. अशी ती कधी म्हणाली नव्हती. बाईंनी फोन ठेवला आणि कपाटातून बरे कपडे काढले.

सभागृह भरले होते. लेकीने आईला चौथ्या रांगेत कडेला बसवले, स्वतःची पाण्याची बाटली तिच्या मांडीवर ठेवली. मंचावर लेखिका, मालक आणि ते नवे प्राध्यापक. मालकांनी भाषणात किस्सा सांगितला, "आमच्याच एका जुन्या वाचकानं ही कादंबरी नाकारली होती बरं का! तेव्हा मित्रहो, आवड ही चीजच अशी आहे!" लोक मनसोक्त हसले. लेक आईच्या कानाशी लागून म्हणाली, "लक्ष देऊ नकोस." प्राध्यापकांनी खोलीतल्या उन्हावर वीस मिनिटे घेतली. लेखिका दोनच वाक्ये बोलली: मला बोलता येत नाही, आणि प्रुफं ज्यांनी तपासली त्यांचे आभार.

मग कोणाला काही विचारायचे आहे का, असे झाले. बाईंच्या शेजारची खुर्ची करकरली. लेक उभी राहिली होती. तिच्या हातात माइक देण्यात आला.

"मला विचारायचं नाही, सांगायचंय," लेक म्हणाली. "हे पुस्तक माझ्या आईचं आहे. तिनं माझ्या आजीचं अकरा वर्षं केलं. असंच, या पुस्तकातल्यासारखं. कधी चिडली नाही, कधी बोलून दाखवलं नाही. मी लहान होते, मला तिची लाज वाटायची. हे वाचल्यावर मला माझी आई कळली. ती इतकी साधी आहे की तिला हे पुस्तक आवडतसुद्धा नाही." लोक हसले, पण आता प्रेमाने. "ती इथं बसलीय. आई, ऊठ ना."

टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग सगळीकडून. मंचावर मालक सगळ्यात जोरात वाजवत होते. प्राध्यापक उभे राहिले, म्हणून इतरही उभे राहू लागले. लेखिकेने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती दोन्ही हात टेबलावर ठेवून बाईंकडे बघत होती, आणि बाईंनी मान हलवली असती तर तिने काहीतरी केले असते असे तिच्या चेहऱ्यावरून वाटत होते.

बाईंनी लेकीकडे पाहिले. ती रडत होती आणि हसत होती आणि तिचा हात आईच्या दंडाला घट्ट धरून होता. लेक सहा वर्षांची असल्यापासून हा हात बाईंच्या अंगाला असा लागला नव्हता. एवढ्या गर्दीत, एवढ्या जवळ ती उभी होती, आणि मान फिरवत नव्हती.

बाई उभ्या राहिल्या.

उठताना मांडीवरची बाटली घरंगळली, खाली पडली. तिचे टोपण निघून पाणी खुर्च्यांखाली पसरले. बाई ती उचलायला वाकल्या. लोकांना वाटले त्या नमस्कार करताहेत, आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. खाली पुढच्या रांगेतल्या माणसांच्या टाचा दिसत होत्या, आणि एक चुरगळलेले तिकीट भिजत होते. टोपण बाईंच्या डाव्या पायाजवळच पडले होते. त्यांना ते दिसत होते. तरी त्या वाकूनच राहिल्या, खुर्चीखाली इकडेतिकडे हात फिरवत, वरचा आवाज थांबेपर्यंत.